लंडनला येऊन सहा आठवडे झाले, वर्गात तोंडच उघडंना. तुम्हाला किती दिवस लागले?

मांजराकाठची
नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचायलेय, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी औसा तालुक्यातली. आठवीपासून लातूरला आत्याकडं, मग संभाजीनगरला सिव्हिल इंजिनिअरिंग, एक वर्ष पुण्यात नोकरी आणि सप्टेंबरात इकडं लंडनला एमएस्सीला आले. विषय शहर नियोजन, त्यात पाणीपुरवठा. कर्ज काढून आलेय, वडिलांनी जमीन तारण ठेवलीय.

युनिव्हर्सिटी शहराच्या ऐन मधोमध आहे. मला वाटलं होतं आपल्या विद्यापीठासारखं मोठं गेट असंल, आत झाडं, रस्ता, कॅन्टीनला चहा घेत बसलेली पोरं. इथं गेटच नाही. रस्त्याच्या कडंला इमारती, एकीत लेक्चर झालं की दोन चौक ओलांडून दुसरीत जायचं, मधी डबलडेकर बस, ऑफिसची माणसं, टुरिस्ट, सगळे पळायलेत. लेक्चर संपलं की दोन मिनिटात वर्ग रिकामा, कोण कुठं जातं कळत नाही. राहते मधल्या भागापासून लांब, झोन ३ मधी, एका घरात आम्ही पाच जण पाच देशांचे, किचन एक. वाईट कुणीच नाही, पण हाय म्हणतात आन् खोलीचं दार लावून घेतात.

खरा त्रास सेमिनारचा. पंधरा जण गोल बसतात, वाचून आलेलं बोलायचं असतं. मी सगळं वाचून जाते, टिपणं काढून जाते, पण मनात वाक्य जुळवेपर्यंत तिसऱ्याच कुणाचं बोलणं सुरू झालेलं असतं आणि विषय पुढं गेलेला असतो. प्रोफेसरांना पहिल्या नावानं हाक मारायची, ती तर माझ्या जिभेवर येतच नाही, म्हणून मी हाकच मारत नाही. सहा आठवड्यात वर्गात एकदाबी बोलले नाही. पहिल्या निबंधाला ५८ मिळाले. बारावीला ९४ टक्के होते मला. घरी सांगितलं नाही.

तुम्हाला किती दिवस लागले आणि नेमकं काय केलं ते सांगा. धीर धर असं कृपा करून सांगू नका, धीर धरूनच बसलेय.

परभणीकर
एक सेमिस्टर लागलं ताई. टोरोंटोला होतो, तिथंही शहराच्या मधोमध कॅम्पस, थंडी वरून. बनी तो बनी नहीं तो परभणी ऐकत मोठा झालो, तेच म्हणत चार महिने काढले. सविस्तर रात्री लिहितो, शिफ्ट आहे.

सिंदफणा
आधी ते ५८ चं बघू, कारण तुझ्या मनात ते ९४ च्या शेजारी जाऊन बसलंय असं दिसतंय. इंग्लंडात मास्टर्सला साधारण ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ७५ च्या वर क्वचित कुणी जातं. ९४ सहसा कुणालाच देत नाहीत. म्हणजे तू पहिल्याच निबंधात मेरिटच्या दोन मार्क खाली आहेस, नापासाच्या जवळ नाहीस. घरी सांगताना हे सांगून मग आकडा सांग.

आता मार्क कुठं जातात ते. मी बीडचा, तिथून १२ वर्षांपूर्वी याच शहरात शिकायला आलो, आता इथंच आहे, आपल्याकडच्या पोरांचे निबंध वाचून देतो म्हणून ठामपणे सांगतोय. आपण लातूर पॅटर्नमधी तयार झालेली माणसं. प्रश्न आला की त्या धड्यातलं येतं तेवढं सगळं उतरवायचं, काही सुटायला नको. ते शिक्षण मी वाईट म्हणणार नाही, त्यानं हजारो घरं वर आली. पण इथला प्रश्न असतो "हे कितपत खरं आहे?". त्याला पहिल्या परिच्छेदात उत्तर पाहिजे, की एवढं खरं, एवढं नाही, आणि माझं कारण हे. मग चारच लेखक घे, पण त्यांची एकमेकांशी भांडणं लाव आणि तू कुणाच्या बाजूनं ते सांग. आपल्याला वाटतं एवढ्या मोठ्या माणसानं पुस्तकात लिहिलंय, मी कोण त्याला चूक म्हणणारी. तिथंच दहा मार्क जातात.

आणि ऑफिस अवर नावाची गोष्ट असते. प्रोफेसर आठवड्यात ठराविक तास दार उघडं ठेवून बसतात, ते फक्त विद्यार्थ्यांसाठी. माझ्या वेळी मी वर्षभर गेलो नाही, मला वाटायचं ज्याला येत नाही तोच जातो. हुशार पोरं दर आठवड्याला जायची. तो निबंध घेऊन जा आणि एवढंच विचार की ६५ व्हायला काय लागलं असतं.

तेरणामाय
बाळ, मी धाराशिवहून लिहितेय. माझा मुलगा तिकडंच मँचेस्टरला होता, आता नोकरीला लागला. मी शिकलेली बारावीपर्यंत, तुझ्या सेमिनारचं मला कळत नाही. पण तू लिहिलंस ना घरी सांगितलं नाही, ते वाचून राहवलं नाही.

आम्ही रोज विचारायचो जेवलास का, तो म्हणायचा जेवलो. अभ्यास कसाय, मस्त. थंडी, नाही एवढी. मला आवाजावरून कळायचं की हा खोटं बोलायलाय, पण मला वाटायचं विचारलं तर पोरगं रडंल, आणि त्याला वाटायचं सांगितलं तर आई रडंल. सहा महिने दोघं रोज वीस मिनिटं काहीच बोललो नाहीत बघ. मग एक दिवस तो म्हणाला, आई आज माझ्याशी दिवसभरात कुणी बोललंच नाही, तूच पहिली. मी रडले, तोबी रडला. आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सोपा झाला. मग तो बारीकसारीक सांगायचा, आज बस चुकली, आज एका म्हातारीनं रस्ता विचारला. वडिलांनी जमीन ठेवलीय म्हणून त्यांना फक्त चांगलंच सांगायचं असं करू नको. ज्यानं जमीन ठेवली त्याला खरं ऐकायचा हक्क आहे.

गोदेचा_गाळ
तेरणामाय, काकू, आज आईला फोन करतो.

बालाघाट
मी बर्लिनला. सगळे प्रेमानं सांगतायत पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्या माणसांचा ग्रुप शोधू नकोस, निदान पहिले सहा महिने. मी आलो तेव्हा एका फ्लॅटमधी आम्ही चौघं महाराष्ट्राचे, रोज वरणभात, रोज मराठी, रविवारी (इथं रविवारी दुकानं बंदच असतात) दिवसभर पत्ते. वर्षभरानं माझं जर्मन दुकानातल्या "पिशवी पाहिजे का"च्या पुढं गेलेलं नव्हतं आणि वर्गात माझी अवस्था तुझ्यासारखीच होती, फक्त तुला सहा आठवडे झालेत, मला वर्ष. मग मुद्दाम जर्मन पोरांच्या घरात खोली घेतली. पहिले दोन महिने वाईट गेले, आठवड्याला भांडी कुणी घासायची याचा तक्ता, रात्री दहानंतर आवाज नाही. पण जीभ सुटली.

तसं इथलं गणित तुमच्यापेक्षा वेगळं, व्हिसासाठी ब्लॉक अकाउंट नावाच्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागतात आणि महिन्याला त्यातले ९९२ च निघतात, त्यामुळं पैशाची शिस्त आपोआप लागते. मार्क तर उलटे, १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ५ म्हणजे नापास. पहिल्यांदा १.७ मिळाले तेव्हा आईनं देवाला नवस बोलला.

गोदेचा_गाळ
@बालाघाट दादा, इथं मी तुमच्या विरुद्ध. मी नांदेडचा, लंडनला दुसरं वर्ष. मी भारतातूनच फोटो बघून खोली ठरवली, दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट पाठवून दिलं. हीथ्रोवरून दोन बॅगा घेऊन पत्त्यावर गेलो, तर तिथं राहणाऱ्या बाईला काहीच माहीत नाही. फोटो दुसऱ्याच घराचे. रात्रीचे नऊ, पाऊस, फोनची बॅटरी ११ टक्के. देवगिरी एक्स्प्रेसमधी ओळख झालेल्या एका पोराचा नंबर होता, त्यानं त्याच्या मित्राला सांगितलं आणि नांदेड-हिंगोलीच्या सहा पोरांनी मला तीन आठवडे जमिनीवर गादी टाकून ठेवून घेतलं. एक पेनी घेतली नाही. त्यांनी घेतलं नसतं तर मी परत गेलो असतो. आपली माणसं नकोत असं मला कुणी सांगू नये.

जे यायलेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. खोली बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका, पहिले दोन आठवडे युनिव्हर्सिटीच्या नाहीतर साध्या हॉस्टेलात काढा आणि इथं येऊन शोधा. खोली धरून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त कुणी मागू शकत नाही, डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते ३० दिवसात सरकारमान्य डिपॉझिट स्कीममधी टाकावं लागतं, त्याचा कागद मागून घ्या. घरमालक स्वतः त्याच घरात राहत असंल तर मात्र हा स्कीमचा नियम लागत नाही, तिथं जपून. आणि घरात सगळे फुलटाइम विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, माफ असतो, युनिव्हर्सिटीकडून विद्यार्थी असल्याचं पत्र घेऊन काउन्सिलला द्यायचं. आमच्या एकानं चार महिने फुकट भरला.

बालाघाट
@गोदेचा_गाळ तुझं वाचून गप्प झालो भाऊ. अडचणीत आपलीच माणसं येतात, मान्य. माझं म्हणणं रोजच्या जगण्याचं होतं.

दुधना
विषयांतर करते, माफ करा. ज्वारीचं पीठ कुठं मिळतं? मी जालन्याची, भाकरीशिवाय पोट भरल्यासारखंच वाटंना.

गोदेचा_गाळ
वेंबलीला ईलिंग रोडवर गुजराती दुकानं आहेत, पाकिटावर "जुवार" लिहिलेलं असतं. पण तारीख बघून घे, जुनं पीठ असंल तर भाकरी थापताना चिरते, कितीबी गरम पाणी घाल.

औंढ्याची
इलेक्ट्रिक शेगडीवर भाकरी फुगत नाही हे सगळ्यांचं दुखणं आहे, कारण जाळ नाही. तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की ओव्हनच्या वरच्या ग्रिलखाली धर, टम्म फुगते. पण ठेच्याच्या मिरच्या तव्यावर भाजायच्या असतील तर खिडकी उघडी आणि किचनचं दार बंद ठेव. आमच्या हॉस्टेलात मिरच्यांच्या खाटानं फायर अलार्म वाजला आणि १४० पोरं रात्री साडेअकराला पायजम्यावर रस्त्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी तीन जण दारावर आले, त्या हिरव्या चटणीची चव दे म्हणाले. त्यातली एक आज माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, तिच्या लग्नाला इटलीला जाऊन आले.

परभणीकर
रात्री लिहितो म्हटलं होतं, तिसऱ्या रात्री लिहितोय.

कामाबद्दल कुणी बोललं नाही. कर्ज आहे म्हणजे काम करावंसं वाटणारच. कॅनडात आम्हाला आता आठवड्याला २४ तास कॅम्पसबाहेर काम चालतं, तुमच्याकडं टर्ममधी २० तास ना? मी पहिल्या सेमिस्टरला गोदामात रात्रीचं काम धरलं आणि सकाळी नऊच्या वर्गात डोळे उघडे ठेवून झोपायचो. पैसे आले, एक विषय गेला, तो परत घ्यायला जेवढी फी भरली ती चार महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त होती. मग युनिव्हर्सिटीच्याच लायब्ररीत काम मिळालं, पुस्तकं परत जागेवर लावायचं. पगार कमी, पण तिथं सतत कुणीतरी काहीतरी विचारायला यायचं आणि मला उत्तर द्यावंच लागायचं. माझं बोलणं वर्गात सुधारलं नाही ताई, त्या काउंटरवर सुधारलं.

गोदेचा_गाळ
हो, इथं २० तास. आणि आठवड्याला म्हणजे आठवड्यालाच, या आठवड्यात १० केले म्हणून पुढच्यात ३० असं चालत नाही. एमएस्सीवाल्यांनी हेबी लक्षात ठेवा की उन्हाळ्यात वर्ग नसले तरी डिझर्टेशन, म्हणजे शेवटचा मोठा प्रबंध, चालू असतं, ती सुट्टी धरत नाहीत. आणि दुसऱ्याच्या अकाउंटवर जेवण पोचवायचं काम कुणी सुचवलं तर तिथून उठून जा. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा, फ्रीलान्स चालत नाही, ते काम त्यातच येतं. सापडलेली पोरं बघितलीत मी. सगळं गेलं.

मिलिंद_परिसर
मी संभाजीनगरचा, नागसेनवनात शिकलो. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर लंडनला आलो होतो, आता परत येऊन शिकवतोय.

मांजराकाठची ताई, तू या रविवारी एक कर. चॉक फार्म स्टेशनला उतर, तिथून थोडंच चालत १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मधी त्या घरात राहिले. २०१५ ला महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेरच अर्धा तास उभा राहिलो. आपण शाळेपासून त्यांच्या पदव्या पाठ करतो, पण ते साल-साल नीट लावून बघत नाही. १९१३ ला कोलंबियाला न्यूयॉर्कमधी, १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला, आणि १९१७ ला बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून अर्ध्यातून परत. तीन वर्षं मुंबईत पैसे जमवून १९२० ला पुन्हा आले आणि राहिलेलं पूर्ण केलं, डीएस्सी १९२३ ची. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसायचे. आणि हाच माणूस पुढं १९५० ला आमच्या मराठवाड्यात कॉलेज काढतो, जिथं माझे वडील शिकले, मी शिकलो. मला त्या दारासमोर एकच वाटलं, की हे शहर परकं नाही, आपलं कुणीतरी आपल्या आधी इथं येऊन थंडीत बसून वाचून गेलंय.

आता तुझ्या सेमिनारचं. मला ज्यानं उपयोग झाला ते सांगतो. पहिल्या दहा मिनिटात बोलायचं. नंतर बोलू म्हटलं की छाती जास्त धडधडते आणि सगळे चांगले मुद्दे संपलेले असतात. घरून एकच वाक्य कागदावर लिहून न्यायचं, तेबी प्रश्नाचं: "या लेखकाचं हे म्हणणं माझ्या भागात बसत नाही, का ते मला समजून घ्यायचंय." एवढं बोलून थांबलीस तरी चालतं. मधीच कुणी तोडलं तर "माझं पूर्ण करू द्या" म्हणायचं, ते उद्धट धरत नाहीत. आणि नावानं हाक मारायचं जमत नसंल तर पहिल्या मेलमधी "डिअर प्रोफेसर" लिही, ते उत्तराखाली जे नाव लिहितील तेच पुढं वापर.

दुधना
हे सगळं सेव्ह करून ठेवलं.

कयाधू
एक वेगळा अनुभव लिहितो, लिहू का नको करत होतो. मी हिंगोलीचा. तीन वर्षांपूर्वी गेलो होतो, शहराचं नाव लिहीत नाही, डिसेंबरात परत आलो. एक टर्म. मला नाही जमलं. तिकडं हिवाळ्यात चारच्या आत अंधार पडायचा, मी दुपारी एकला उठायचो, म्हणजे तीन तासच उजेड. मग दोनला. मग वर्गाला जायचं बंद झालं, दहा दिवस मी खोलीच्या बाहेर पडलो नाही आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. आपल्या गल्लीत एक दिवस दिसलो नाही तर दुकानदार घरी विचारतो, बरंय का पोराला.

परत आल्यावर एक वर्ष वाईट गेलं, लोक विचारायचे काहून आलास. आता बरा आहे, परभणीला नोकरी करतो, औषध घेतलं, डॉक्टरशी बोललो. मला वाटतं मी आठव्या दिवशीच कुणाला सांगितलं असतं तर कदाचित राहिलो असतो. नाहीतर नसतोबी राहिलो. परत येणं हे काही मरण नाही, एवढं मात्र इथल्या पोरांना सांगायचं होतं.

तेरणामाय
कयाधू बाळा, लिहिलंस ते फार चांगलं केलंस.

सिंदफणा
कयाधूनं लिहिलंय ते प्रत्येकानं दोनदा वाचा. इंग्लंडात असाल तर हे करून ठेवा, बरं असतानाच. पहिल्या आठवड्यात जवळच्या जीपीकडं, म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवा. नोंदणी फुकट आहे, व्हिसा काढतानाच वर्षाला ७७६ पाउंड हेल्थ सरचार्ज तुम्ही भरलेला आहे, लाजायचं काही नाही. तातडीचं पण जिवावरचं नसंल तर १११, जिवाचं असंल तर ९९९. आणि रात्री अपरात्री नुसतं कुणाशी बोलावं वाटलं तर सॅमॅरिटन्सचा ११६ १२३, फोन फुकट लागतो, कुणी नाव विचारत नाही. युनिव्हर्सिटीत काउन्सेलर असतात, वेळ मिळायला आठवडे लागू शकतात म्हणून लवकर नाव द्या.

मांजराकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. कयाधू दादा, तुमचं वाचून मी काल रात्री बाबांना फोन करून ५८ सांगितले. ते म्हणाले, "पास आहेस ना? मग ते मेरिट का काय, दोनच मार्क लांब आहे की." सिंदफणा दादांनी सांगितलेलं मी समजावायच्या आधीच ते हिशोब करून मोकळे. ऑक्टोबरात इथली घड्याळं तासभर मागं केल्यापासून साडेपाच तासांचा फरक झालाय, तिकडं रात्रीचे बारा वाजले होते, तरी तासभर बोलले.

किंग हेन्रीज रोडला येत्या रविवारी जाणार आहे. बसनंच जाते, एका तासात कितीबी बस बदलल्या तरी एकच भाडं लागतं आणि वरच्या मजल्यावर पुढं बसलं की शहर दिसतं.

एक गोष्ट सांगायचीय, तशी किरकोळ. आमच्या घरातला एक जण दात घासताना नळ चालूच ठेवतो. तोंडात ब्रश, हातात फोन, आणि नळ वाहायलाय. मला ते बघवत नाही. २०१६ ला मी आठवीत, लातूरला पाणी रेल्वेनं आलेलं मी बघितलंय. मांजरा धरण कोरडं, आत्याच्या गल्लीत टँकर आला की भांडणं, पाण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावलेलं. भाजी धुतलेलं पाणी आम्ही संडासाला वापरायचो. सहा आठवडे मी त्या पोराच्या मागून जाऊन नळ बंद करते आणि काही बोलत नाही.

मिलिंद_परिसर
किरकोळ? अगं, तुझा विषयच पाणीपुरवठा आहे ना?

सिंदफणा
तेच लिहायला आलो. पोरी, वर्गातले बाकीचे चौदा जण जे पुस्तकातून वाचून येतात ते तू डोक्यावर वाहून आणलंयस. हे त्या वर्गात बोल. दुसरं वाक्य जुळवायची गरजच नाही.

आणि सोहोत ब्रॉडविक स्ट्रीटवर जाऊन ये. तिथं एक हापसा आहे, त्याला दांडाच नाही. १८५४ ला तिथं कॉलऱ्यानं माणसं मेली, तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं घरोघर विचारत फिरून दाखवलं की रोग त्या हापशाच्या पाण्यातून पसरतोय, आणि पंपाचा दांडा काढायला लावला. आत्ताचा हापसा नकलेचा आहे, पण तुझ्या विषयाची ती जागाच आहे. घरोघर जाऊन विचारायचं, पाणी कुठून भरता. तुला हे काम येतं.

मांजराकाठची
(तीन आठवड्यांनी लिहितेय. टर्म संपली.)

हापसा बघून आले. दांडा नाही ते बघून मला उगीच हात पुढं करावासा वाटला.

मधी एका सेमिनारला केप टाउनचा धडा होता. तिथं २०१८ ला "डे झिरो", म्हणजे नळ बंद व्हायचा दिवस, येणार म्हणून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली होती. कुणीतरी म्हणालं की एवढ्या मोठ्या शहरावर अशी वेळ पहिल्यांदाच येत होती. पहिली दहा मिनिटं होऊन गेली होती मिलिंद दादा, तरी मी हात वर केला. म्हटलं, त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या गावाला पाणी रेल्वेनं आलं, साडेतीनशे किलोमीटरवरून, मिरजेहून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकीत ५० हजार लिटर, आणि आम्ही पोरं स्टेशनकडं बघायला पळत गेलो होतो. मग सगळे गप्प बसले, मला वाटलं चुकलं काहीतरी. प्रोफेसर म्हणाल्या, थांबू नको. मग मी टँकरचं सांगितलं, १४४ कलमाचं सांगितलं, पाणी कोण भरतं ते सांगितलं, की आत्या आणि मी, काका नाही. लेखात "प्रत्येक घर" लिहिलंय पण पाणी घर भरत नाही, घरातली बाई भरते, त्यामुळं माणशी ५० लिटर हा हिशोब आमच्याकडं तसा बसणार नाही, असं म्हणाले. किती वेळ बोलले माहीत नाही. व्याकरण चुकलं असणार.

वर्ग संपल्यावर पहिल्यांदाच दोन मिनिटात रिकामा झाला नाही. मेक्सिको सिटीची एक मुलगी थांबली, म्हणाली आमच्या भागातबी टँकरनं पाणी येतं, आम्ही टँकरला पिपा म्हणतो. मी म्हटलं काय म्हणता? पिपा. मी तिला सांगितलं आमच्याकडं ज्यात पाणी साठवतो ते पीप, पिंप. दोघी कितीतरी वेळ हसलो. चहा प्यायला गेलो, दोन तास बसलो.

बालाघाट
वा! आणि तो शब्द खरंच एकच आहे, आपल्याकडं पीप पोर्तुगीजांकडून आलं, तिकडं स्पॅनिशमधी. एकाच घरातल्या दोन बहिणी.

परभणीकर
लातूरची पोरगी बोलली. झालं.

तेरणामाय
नळवाल्या पोराचं काय झालं?

मांजराकाठची
त्याला सांगितलं काकू. रेल्वेचा फोटो दाखवला. वाईट वाटून घेतलं त्यानं, आता नळ बंद करतो, कधी कधी विसरतो, मग मी नुसतं दार वाजवते.

आणि वेळ अमावस्या केली. दरवर्षी शेतात कडब्याची कोप करून पाच पांडव मांडतो, सगळं लातूर शेतात असतं त्या दिवशी, फोनवर सगळ्यांचे फोटो यायलेले, सकाळी उठून रडूच आलं. मग उठले, पालेभाज्या आणल्या, ओले वाटाणे, हरभरे भिजवले होते, तूर मिळाली नाही, बेसन लावून भज्जी केली. आंबील केली, ताक इथल्या दह्याचं फार आंबट नव्हतं म्हणून लिंबू पिळलं, आईनं फोनवर रागावून घेतलं लिंबाबद्दल. उंड्याला बाजरीचं पीठ वेंबलीहून आणलं. पाच जण पाच देशांचे किचनमधी जमिनीवर बसलो, टेबल बाजूला सरकवून. नळवाल्यानं आंबील दोनदा घेतली.

दर आठवड्याला बोलता येतंय असं नाही. त्यानंतरच्या वर्गात पुन्हा गप्पच होते. पण आता प्रोफेसरांच्या ऑफिस अवरला जाते, डिझर्टेशन लातूरवर करायचं ठरतंय.

दुधना
उंड्याचं प्रमाण टाक ना. आणि मी जानेवारीत लंडनलाच यायलेय, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत, कुणाशीच ओळख नाही. पहिल्या आठवड्यात भेटशील का?

मांजराकाठची
भेटते. विमान कधीचं आहे ते मेसेज कर, हीथ्रोला घ्यायला येते. येताना येसर आण, आणि तीळ भाजून आण, इथल्याला वास नाही.